समुद्रगाळातील चकत्या व त्यांची वर्गवारी

समुद्राच्या वरच्या, सूर्यप्रकाशाच्या थरात काही एकपेशीय शैवाले राहतात. ती आपल्या अंगाभोवती चुनखडीच्या बारीक चकत्यांचे कवच रचतात. या चकतीस 'कॉकोलिथ' म्हणतात. ग्रीक भाषेत 'कोकोस' म्हणजे दाणा आणि 'लिथोस' म्हणजे दगड. बहुतेक चकत्या मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या हिशेबाने दोन ते वीस भाग रुंद असतात. शैवाल मेले की कवच विस्कटते, चकत्या तळाशी बसतात आणि कालांतराने त्यांचा खडक होतो. इंग्लंडमधील डोव्हरचे पांढरे कडे मुख्यतः अशाच चकत्यांचे आहेत.

इतक्या क्षुद्र वस्तूची वर्गवारी कशासाठी करावयाची, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की, गाळाचा थर किती जुना हे सांगण्याचे हे एक उत्तम साधन आहे. कॉकोलिथांच्या जाती उत्पन्न झाल्या, साऱ्या समुद्रांत पसरल्या आणि नष्ट झाल्या. सुमारे २१ कोटी वर्षांपासून हा क्रम चालू आहे. त्यामुळे नखभर गाळातही थराचे वय सांगणाऱ्या हजारो खुणा मिळतात. मात्र जात ओळखण्यात चूक झाली, तर वय लाखो वर्षांनी चुकते. म्हणूनच वर्गवारीला महत्त्व आहे.

जर्मन शास्त्रज्ञ एरेनबर्ग यांनी १८३६ साली खडूच्या पुडीत या चकत्या पाहिल्या, पण त्या आपोआप बनलेले निर्जीव कण आहेत असे त्यांना वाटले. अटलांटिकच्या तळातून काढलेल्या गाळात त्या पुन्हा सापडल्या, तेव्हा १८५८ साली हक्सले यांनी त्यांना कॉकोलिथ हे नाव दिले. मात्र त्या सजीवांच्या आहेत, हे त्यांनाही तेव्हा पटले नव्हते. पुढे सॉर्बी व वॉलिच यांनी चकत्या जडवलेले अखंड गोल दाखविले आणि १८६१ पर्यंत वाद बराचसा मिटला. याच हक्सले यांनी १८६८ साली नॉर्विच येथील कामगारांपुढे खडूच्या एका तुकड्यावर व्याख्यान दिले. हा विषय सामान्य श्रोत्यांना समजेल, यावर त्यांचा विश्वास होता, आमचाही आहे.

प्रारंभी वर्गवारी बाह्य आकारावरून होत असे. गोल चकती, लंबगोल चकती, मध्ये भोक, मध्ये पूल, असे गट पाडले जात. परंतु आकार फसवतो. दोन घरे गिलाव्यावरून सारखी दिसली, तरी विटांचे थर कसे रचले आहेत हे पाहिल्यावरच गवंडी कोणत्या परंपरेतला ते कळते. कॉकोलिथाच्या विटा म्हणजे कॅल्साइटचे स्फटिक. ते कोणत्या दिशेने वाढले, यावरून नाते ठरते.

ही दिशा पाहण्याची युक्ती सोपी आहे. प्रकाशाची कंपने एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या दोन पट्ट्या सूक्ष्मदर्शकात एकमेकींना काटकोनात बसवल्या की सारे क्षेत्र काळे होते. त्यात कॅल्साइटचा कण ठेवला तर तो उजळतो. परंतु त्याचा मुख्य अक्ष नेमका आपल्या डोळ्याच्या रोखाने असेल, तर तो काळाच राहतो. ओंडका टोकाकडून पाहिला तर एक दिसतो आणि फळी करून पाहिली तर दुसरा, तसेच हे. चकतीच्या कडेने काही स्फटिकांचा अक्ष उभा आणि काहींचा आडवा, बाहेरच्या रोखाने, असे एकाआड एक असतात, हे सूत्र १९९२ साली जेरेमी यंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले. 'कॉकोलिथस पेलॅजिकस' या जातीत चकतीचे वरचे पान उभ्या अक्षाच्या स्फटिकांचे, म्हणून मंद दिसते, आणि खालचे पान उजळ. 'एमिलियानिया हक्सलेयी' या आजच्या समुद्रातील अतिविपुल जातीत उभे स्फटिक नाममात्र उरले आहेत, म्हणून सारी चकती उजळते. ताऱ्याच्या आकाराचे 'डिस्कोअॅस्टर' मात्र सपाट पडले की काळेच राहतात. ते साध्या प्रकाशात पाहावे लागतात. हे तारे सुमारे १९ लाख वर्षांपूर्वी संपले, तर 'हक्सलेयी' ही जात जेमतेम तीन लाख वर्षांची आहे. दोघे एकाच थरात दिसले, तर जुना गाळ नव्यात मिसळला आहे असे समजावे.

रचनेचेही बंधन आहे. काही चकत्या मोठ्या, गुंतागुंतीच्या स्फटिकांच्या असतात, तर काही सारख्या आकाराच्या अतिसूक्ष्म स्फटिकांच्या. हे दोन निराळे वंश मानले जात. १९६० साली मेरी पार्क व आयरीन अॅडम्स यांनी दाखवून दिले की, 'क्रिस्टॅलोलिथस' म्हणून ओळखले जाणारे शैवाल म्हणजे 'कॉकोलिथस पेलॅजिकस'चीच दुसरी जीवनावस्था आहे. एकाच जीवाची दोन वस्त्रे, आणि नावे दोन! सुरवंट व फुलपाखरू यांना दोन जाती मानण्यासारखेच ते झाले.

आता आपल्या मुलखाकडे वळू. पेणकरपाड्याच्या आसपासचा काळा कातळ लाव्ह्याचा, त्यात कॉकोलिथ मिळणार नाहीत. मात्र मीरा-भाईंदरच्या पश्चिमेस अरबी समुद्र आहे. २०१५ साली आंतरराष्ट्रीय मोहिमेच्या जहाजाने किनाऱ्यापासून सुमारे पावणेपाचशे किलोमीटर दूर, लक्ष्मी खोऱ्यात, साडेतीन हजार मीटर पाण्याखाली दोन ठिकाणी वेध घेतले. प्रत्येक अकराशे मीटरांहून खोल होता. धनंजय पांडे व पीटर क्लिफ्ट हे तिचे प्रमुख शास्त्रज्ञ होते. तळाच्या खडकावरील सर्वांत खालचा गाळ सुमारे ६ कोटी २० लाख वर्षांपूर्वीचा, हे कॉकोलिथांवरून ठरले. आपल्या कातळाहून तो फारसा तरुण नाही. त्याच्या वर एका प्रचंड दरडीचा राडारोडा सापडला. 'नटराज' या नावाने ओळखली जाणारी ही दरड सुमारे १ कोटी ८ लाख वर्षांपूर्वी समुद्रतळावरून घसरली. तिच्या राड्यात कितीतरी जुने कॉकोलिथ मिसळलेले आहेत. त्यांतील एखादीच चकती पाहून वय सांगितले असते, तर घसरणीचा काळ कोट्यवधी वर्षांनी मागे गेला असता.

या शास्त्रात अजून कच्चे दुवे आहेत. खोल समुद्रात चकत्या विरघळतात, किंवा त्यांच्यावर नवा कॅल्साइट चढून मूळ रचना झाकली जाते; नामशेष ताऱ्यांचे नाते तर केवळ अनुमानाने सांगावे लागते. तथापि जिवंत जातींच्या आनुवंशिक द्रव्याच्या अभ्यासाने स्फटिकांवरून जुळविलेल्या नात्यांना बहुतांशी दुजोरा दिला आहे. वस्तू कशी दिसते याहून ती कशी घडली हे विचारावे, हा धडा या चकत्यांनी दिला आहे. तो पदरात घेऊन आम्ही हा विषय येथे आवरतो.