निम्मा महसूल तालुक्याचा : औंध ते आजची ग्रामसभा

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त एक तालीम आहे. तरुण मास्तराच्या पुढाकाराने धनगरांची वाडी ती अंगमेहनतीने उभी करते आणि संस्थानचे राजेसाहेब तिथे येतात. हे संस्थान औंधचे, हे जाणत्या वाचकाला ओळखता येते. कादंबरी 1955 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा औंध संस्थान विलीन होऊन सात वर्षे झाली होती. गावाने राबायचे आणि वरच्याने कौतुक करायचे, हा ग्रामसुधारणेचा जुना, ओळखीचा रिवाज त्या तालमीत दिसतो. माझ्या अभ्यासाचा विषय मात्र त्याच संस्थानात त्यापुढे टाकले गेलेले एक पाऊल आहे. गावाच्या कामाचा पैसा कोणाच्या हुकमाने खर्च व्हावा, हा प्रश्न तिथे सरळ विचारला गेला.

औंध हे सुमारे 500 चौरस मैलांचे, 72 गावांचे छोटे संस्थान. त्याचा मुलूखही सलग नव्हता. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे. आटपाडी आणि कुंडल सांगली जिल्ह्यात आहेत. गुणदाळचा भाग विजापूरकडे होता. राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे चित्रकार, सूर्यनमस्काराचे प्रचारक आणि 1935 च्या इंदूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. 1938 च्या अखेरीस त्यांनी सत्ता प्रजेच्या हाती देण्याची घोषणा केली. चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन हे पोलंडचे अभियंते या कामात पुढे होते. मसुदा गांधीजींच्या सल्ल्याने तयार झाला आणि जानेवारी 1939 मध्ये औंधची स्वराज्य घटना अमलात आली.

तिची रचना तळापासून वर जाणारी होती. गावाने पाच पंच निवडायचे; गावपंचायतींच्या प्रमुखांची तालुका समिती व्हायची; तालुका समित्यांनी विधिमंडळावर प्रतिनिधी पाठवायचे. न्यायदानाचेही बरेचसे काम पंचायतींकडे आले. मतदाराला लिहिता-वाचता यावे, हा गांधीजींचा आग्रह होता. म्हणजे अक्षरओळख हे रस्त्या-विहिरीइतकेच निकडीचे काम ठरले. परंतु या घटनेचा कणा मला आर्थिक तरतुदीत दिसतो. तालुक्यात गोळा होणाऱ्या महसुलाचा सुमारे निम्मा भाग त्याच तालुक्याच्या कामांसाठी परत मिळायचा.

याचा अर्थ आटपाडीच्या बाजूने लावून पाहावा. हा माणदेशाचा भाग, पर्जन्यछायेतला. तिथे विहीर आधी की शाळेची खोली आधी, हा निर्णय पोटाशी निगडित असतो. पैसा वरून येत असेल, तर गाव अर्ज करते. पैसा आपलाच असेल, तर गाव भांडते, हिशेब मागते आणि चुकीच्या निर्णयाचे परिणामही भोगते. तंटे, गटबाजी आणि जातीचा दाब घटनेच्या एका कलमाने जाणारे नव्हतेच. तरीही त्यांना हाताळण्याची जागा गावातच निर्माण झाली. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत याच काळात सुरू झाली. माणसावर जबाबदारी टाकली की तो ती पेलायला शिकतो, हाच विश्वास तिच्याही मागे होता. ‘दो आँखें बारह हाथ’ या 1957 च्या चित्रपटाची प्रेरणा म्हणजे ही वसाहत, आणि त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर याच मुलखातले.

8 मार्च 1948 रोजी औंध मुंबई प्रांतात विलीन झाले आणि निम्म्या महसुलाची तरतूदही संपली. पुढे 1958 चा ग्रामपंचायत कायदा आला, 1962 पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. ग्रामपंचायतीने करायच्या कामांची यादी लांबलचक झाली. स्वतःचे उत्पन्न मात्र मुख्यतः घरपट्टी-पाणीपट्टीपुरतेच राहिले.

ही कोंडी वेगळ्या वाटेने फोडू पाहणारा माणूसही सांगलीचाच. जिल्हा परिषद सदस्य म्हणून सुरुवात केलेले आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना 2000-01 मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. कामासाठी आधी निधी नाही. गावाने श्रमदान आणि लोकवर्गणी करायची, बक्षीस नंतर. गावे पेटून उठली, हातात खराटे आले. पण स्पर्धेला एक मर्यादा असते. तपासणीचा दिवस उलटला की उत्साह टिकवायला गावात दुसरे काही कारण लागते.

पुढे तिसरी पद्धत आली. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला 80 टक्के वाटा आपल्या राज्यात ग्रामपंचायतींना मिळाला. हा पैसा हक्काचा होता. मात्र 2021 ते 2026 या काळात त्यातला 60 टक्के भाग ‘बंधित’, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांसाठीच राखलेला होता. उरलेल्या 40 टक्क्यांत गावाने आपली निवड करायची, तीही आराखड्यात बसवून. औंधमध्ये हक्क आणि निवड एकत्र होते. अभियानात निवड आणि घाम गावाचा होता, पण पैशावर हक्क नव्हता. इथे हक्क होता, पण निवड आखडलेली होती.

मग आजच्या ग्रामपंचायतीकडे उरते काय? कडेगाव तालुक्यातले मोहित्यांचे वडगाव याचे एक उत्तर देते. 2022 मध्ये या गावाने ठरवले की संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजेल आणि दीड तास घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद राहतील. मुलांनी अभ्यास करायचा. या निर्णयाला निधी लागला नाही, बक्षिसाची आशाही लागली नाही. लागली ती गावाची संमती, आणि ती रोज नव्याने मिळवावी लागते.

म्हणून किती किलोमीटर रस्ता झाला आणि किती फलक लागले, एवढ्यावर ग्रामपंचायतीची प्रगती मोजणे मला अपुरे वाटते. काम कोणी सुचवले, पैसा कोणाच्या संमतीने गेला आणि हिशेब कोणी विचारला, हे तीन प्रश्न त्याआधीचे आहेत. कायद्याने वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गावाचा आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. मार्च 2022 मध्ये मुदत संपून सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्हा परिषदांवर प्रशासक आले. वरचे सभागृह असे रिकामे राहू शकते, हे लक्षात घेतले की गावातल्या सभेचे मोल अधिकच कळते. औंधच्या राजाने आपणहून सोडलेला अधिकार आज कायद्याने गावाकडे आहे. तो वापरायला फक्त ग्रामसभेची गणसंख्या भरावी लागते.