सुनेच्या डोक्यावरचा हंडा

पेण-रोह्याच्या बौद्धवाड्यांत साखर तपासायला बसलो की एक प्रश्न हमखास येतो. "ताई, मी काटकुळा, गोड खात नाही, मग मला डायबेटीस कसा?" दवाखान्यात नर्स होतो तेव्हा आम्हीही "पथ्य पाळा" एवढंच सांगून पुढच्या पेशंटकडे वळायचो.

याचं बरंचसं उत्तर पुण्याजवळच्या सहा गावांत मिळालं. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून तिथल्या गरोदर बायांचा अभ्यास केला. बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं साधारण साडेतीन. आपली बाळं हडकुळी, पण अंगातली चरबी मात्र फारशी कमी नाही. कमी भरलं ते मांस. पोटात पोषण अपुरं पडलं की बाळाचं शरीर मेंदूला जपतं आणि स्वादुपिंड, मूत्रपिंडावर काटकसर करतं. चाळिशीत साखर, बीपी वाढण्यामागे ही जुनी काटकसरही असते.

याच अभ्यासात पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खाणाऱ्या आयांची बाळं अंगाने बरी निघाली. शेतातली आणि पाणी आणण्यासारखी अंगमेहनत जास्त करणाऱ्यांची लहान.

बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात कारखान्यातल्या स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेची बाजू मांडली. आणि त्यांचा फोटो भिंतीवर असलेल्या आपल्याच घरांत गरोदर सून सगळ्यांच्या शेवटी जेवते, उरलेला भात आणि तळाचं कालवण! हे लिहिताना आम्हाला बरं वाटत नाही, पण पाहतो ते हेच.

महागडी पावडर आणू नका. पावसाळ्यात टाकळा, एरवी शेवग्याचा पाला, डाळ, अंडं. आणि मूठभर सुकट किंवा जवळा, कारण बी-१२ जीवनसत्त्व पाल्यात नसतं, मासळीत असतं. तिसरा महिना संपायच्या आत अंगणवाडीत नाव घाला, लोहाच्या गोळ्या चुकवू नका. चूल असेल तर धुरापुढे दुसऱ्या कोणी बसा. हंडा नवऱ्याने उचलावा.

"आम्ही आठव्या महिन्यापर्यंत लावणी केली, काय झालं आम्हाला?" रोह्याकडच्या एक आत्याबाई आमच्यावर उखडल्या. आम्ही त्यांचंच बोट टोचलं. साखर वाढलेली होती, आणि पाठोपाठ तपासलेल्या त्यांच्या मुलाचीही. आत्याबाई काही बोलल्या नाहीत. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा सून पहिल्या पंगतीला बसली होती.