'इह्या' : जिवंत करणे म्हणजे नेमके काय?

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत 'रात्र जिवंत करा' असे बयानात ऐकू येते. रात्र कशी जिवंत होणार, असे मुले विचारतात. मूळ अरबी शब्द 'इह्या', म्हणजे जीव आणणे. जी रात्र झोपेत गेली ती मेली, इबादतीत जागवली ती जगली, एवढा साधा हिशेब आहे.

शब्द आपल्याला परका नाही. 'आजोबा हयात आहेत' म्हणणारा आणि नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला देणारा प्रत्येक मराठी माणूस, मग तो कुठल्याही धर्माचा असो, याच घराण्यातला शब्द वापरतो. आपल्याकडे गल्लोगल्ली सापडणारा मोहिद्दीन म्हणजे मुहियुद्दीन, दीनला जिवंत करणारा. ही पदवी शेख अब्दुल कादिर जिलानी (रह.) यांची. इमाम गजाली (मृत्यू 1111) यांचा 'इह्या उलूमिद्दीन' तर प्रसिद्धच आहे.

पण या शब्दाचा अर्थ सगळ्यात स्वच्छ कळतो तो फिकहच्या जमिनीच्या प्रकरणात. कोणाच्याच मालकीची नसलेली पडीक जमीन म्हणजे 'मवात', मेलेली. जो तिला जिवंत करील त्याची ती, असे हदीसमध्ये आले आहे. त्यासाठी शासकाची परवानगी हवी, असे इमाम अबू हनीफा म्हणतात. कोकणातले बहुतेक मुस्लिम ज्यांचा मसलक मानतात ते इमाम शाफई म्हणतात, गरज नाही. (हे वाचून कोणी गायरानात कुंपण घालायला जाऊ नये, सातबारा वेगळाच कायदा सांगतो!) मुद्दा पुढे आहे. नुसते दगड रचून हद्द आखली तर तो इह्या होत नाही. त्याला 'तहजीर' म्हणतात. हनफी फिकहप्रमाणे हद्द आखून 3 वर्षे जमीन तशीच ठेवली तर ती दुसऱ्याला देता येते. पाणी आणले, नांगर फिरवला, पीक उभे राहिले, तेव्हाच जमीन जिवंत झाली म्हणायचे.

आता आपल्या लग्नांकडे पाहू. 'इह्या-ए-सुन्नत'च्या नावाने साध्या निकाहवर भाषणे होतात, पत्रिकेवरही तसे छापतात. मग हॉलचे भाडे मुलीच्या बापाच्या माथी, दहेजची गाडी दारात, आणि मेहर मात्र उधार. आमच्या मते ही तहजीर झाली. दगड रचले, पाणी आणलेच नाही.

सूरह माइदाच्या 32 व्या आयतीत एका जिवाला वाचवणे म्हणजे जणू सगळ्या माणसांना वाचवणे, असा आशय आहे. तिथेही क्रियापद इह्याचेच. मेलेल्याला उठवणे हे अल्लाहचे काम, ते आपल्याकडून मागितलेले नाही. बुडत्याला ओढून काढणे, आगीतून वाचवणे, बदला घेण्याचा हक्क असताना खुनी माणसाला माफ करणे, असे अर्थ मुफस्सिरांनी इथे दिले आहेत.