मराठी पृष्ठरचनेत चित्राभोवती मजकूर वळविण्याची पद्धती : खान्देशातील महाविद्यालयीन नियतकालिकांच्या संदर्भात

प्रस्तावना

जळगाव, धुळे व नंदुरबार हे तीन जिल्हे १९९० साली स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या, म्हणजेच आजच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या, कार्यक्षेत्रात येतात. येथील महाविद्यालयांतून वार्षिक अंक, स्मरणिका व संशोधनपत्रिका प्रसिद्ध होतात. त्यांचे संपादन प्राध्यापक करतात आणि अक्षरजुळणी बहुधा गावातील डीटीपी केंद्रात होते. लेखाची भाषा, संदर्भ, शुद्धलेखन यांवर संपादक मंडळात पुरेशी चर्चा होते; छायाचित्राबाबत मात्र ‘योग्य जागी बसवावे’ एवढीच सूचना दिली जाते. ही योग्य जागा कोणती, याचा निर्णय मग संगणकचालकावर सोपविला जातो. परिणामी काही पानांवर चित्राच्या कडेला दोन-दोन शब्दांच्या विरळ ओळी उरतात व वाचक तो भाग ओलांडून पुढे जातो. म्हणून चित्राभोवती मजकूर वळविण्याच्या तंत्राचा, ज्याला ‘टेक्स्ट रॅप’ म्हणतात, संपादकाच्या दृष्टीने विचार करणे अगत्याचे आहे.

तंत्राचे स्वरूप

अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० या काळात शिक्षक असताना साने गुरुजींनी छात्रालयातील मुलांसाठी हस्तलिखित दैनिक चालविले होते. हस्तलिखितात हा प्रश्न वेगळा उभा राहत नाही. लिहिणारा हात चित्रापाशी येताच शब्द आवरता घेतो, अक्षर लहान करतो किंवा पुढील ओळीवर जातो. खिळ्यांच्या छपाईत जुळारी चित्राच्या ठशाशेजारच्या ओळी कमी लांबीच्या जुळवीत असे. दोन्ही ठिकाणी प्रत्येक ओळीवर माणसाची नजर होती. संगणकावर हे काम एका आज्ञेने होते आणि ओळीओळीवरची नजर सुटते.

ऑल्डस कंपनीचे पेजमेकर १९८५ साली आले. १९९४ मध्ये ते अ‍ॅडोबीकडे गेले आणि २००१ मधील ७.० ही त्याची शेवटची मुख्य आवृत्ती ठरली. १९९९ मध्ये आलेल्या इनडिझाइनने पुढे त्याची जागा घेतली. या आज्ञावलींत व वर्डमध्येही मूळ पर्याय सारखेच आहेत. मजकूर चित्राच्या चौकटीभोवती वळविता येतो. चित्रातील आकृतीच्या बाह्यरेषेनुसार वळविता येतो. किंवा चित्राच्या वर थांबवून खाली पुन्हा सुरू करता येतो. चित्र व मजकूर यांतील अंतर चारही बाजूंना स्वतंत्रपणे ठरविता येते. वर्डमध्ये चित्र ओळीतील एका मोठ्या अक्षरासारखेही ठेवता येते.

देवनागरीची वैशिष्ट्ये

या सोयी रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून घडल्या. देवनागरीत त्या वापरताना चार गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात.

पहिली गोष्ट शब्दांच्या लांबीची. मराठीत विभक्तिप्रत्यय व बहुतेक शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहिली जातात. ‘महाविद्यालयातील’, ‘अभ्यासक्रमांसंदर्भात’ असे शब्द अरुंद ओळीत एकमेकांशेजारी मावत नाहीत.

दुसरी गोष्ट शब्द तोडण्याची. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमधील मजकूर संगणकाच्या लेखी रोमन अक्षरेच असतो. त्यावर स्वयंचलित शब्दविच्छेद चालू राहिल्यास जोडाक्षर किंवा काना मध्येच तुटू शकतो.

तिसरी गोष्ट शिरोरेषेची. ओळ दोन्ही कडांना समान करताना अक्षरांतील अंतर वाढविण्याची मुभा दिलेली असेल, तर शिरोरेषा तुटून शब्दाचे तुकडे दिसू लागतात. शिवाय शिरोरेषेमुळे ओळीचा आरंभ ठळकपणे जाणवतो. चित्र डावीकडे ठेवून मजकूर बाह्यरेषेनुसार वळविला, की प्रत्येक ओळ वेगळ्या ठिकाणी सुरू होऊन पायऱ्या दिसतात. आकारानुसार वळण द्यायचेच असेल, तर चित्र उजवीकडे असावे.

चौथी गोष्ट उंचीची. रफार, मात्रा, अनुस्वार शिरोरेषेच्या वर जातात आणि उकार अक्षराच्या खाली उतरतात. त्यामुळे चित्राच्या वरचे व खालचे अंतर कडेच्या अंतराइतके पुरतेच असे नाही. ते छापील प्रतीवर तपासावे.

एक उदाहरण

ए-४ आकाराच्या पानाची रुंदी २१० मिलिमीटर असते. दोन्ही बाजूंना २५ मिलिमीटर समास सोडल्यास मजकुरासाठी १६० मिलिमीटर उरतात. दोन स्तंभ केले व त्यांत ६ मिलिमीटर जागा सोडली, तर प्रत्येक स्तंभ ७७ मिलिमीटरचा होतो. त्यात ४० मिलिमीटर रुंदीचे छायाचित्र ४ मिलिमीटर अंतर राखून बसविले, तर मजकुरास ३३ मिलिमीटर मिळतात. १२ पॉइंट अक्षरात एवढ्या जागेत जेमतेम तीन शब्द बसतात. ‘महाविद्यालयातील’सारखा शब्द आला की ओळीत दुसऱ्या मोठ्या शब्दाला जागा उरत नाही. हेच छायाचित्र एकस्तंभी पानावर ठेवल्यास शेजारी ११६ मिलिमीटरची ओळ मिळते व वाचन अखंड राहते. म्हणून चित्राची रुंदी ठरविण्यापूर्वी उरणारी ओळ मोजावी. तीत पाच-सहा शब्द बसत नसतील, तर चित्र पूर्ण स्तंभाच्या रुंदीचे करून मजकूर वर-खाली ठेवणे हिताचे.

चित्र : सजावट की पुरावा

स्मरणिकेत चित्र शोभेसाठी असू शकते. संशोधन लेखात ते पुरावा असते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या निधनानंतर धुळे येथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापन झाले. अशा संस्थांत जतन केलेल्या हस्तलिखिताचे छायाचित्र छापताना मजकूर सुबक वळावा म्हणून त्याच्या कडा कापल्या, तर समासातील नोंद, पत्रांक किंवा कागदाची फाटकी बाजू नाहीशी होते आणि अभ्यासकाचा आधारच तुटतो.

चाळीसगावचे कलामहर्षी केकी मूस (१९१२-१९८९) यांची टेबलटॉप छायाचित्रेही येथे उद्‌बोधक आहेत. मेजावर वस्तू मांडून, प्रकाश योजून केलेल्या या रचनेत पार्श्वभूमी व छाया चित्राचाच भाग असतात. त्यातील एखादी आकृती कापून तिच्याभोवती मजकूर फिरविल्यास कलाकृतीच बदलते. अशा प्रसंगी चौकट अभंग ठेवून मजकुराने बाजूने जावे, हेच उचित होय.

संपादकांसाठी कार्यपद्धती

१. मुद्रणप्रतीत प्रत्येक चित्र कोणत्या परिच्छेदाशी संबंधित आहे ते नोंदवावे व मजकुरात ‘चित्र क्र. १’ असा उल्लेख करावा. जागा बदलली तरी संबंध टिकतो.
२. चित्र पुरावा आहे की सजावट, हे लिहून द्यावे. पुराव्याच्या चित्रास कात्री लावू नये.
३. चित्र व चित्रओळ यांचा एकच गट करून मग मजकूर वळवावा. अन्यथा चित्रओळ मजकुरात मिसळते.
४. जुन्या फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये आणल्यास अक्षरांची रुंदी बदलते व सर्व ओळी नव्याने मोडतात. म्हणून चित्रांची अंतिम मांडणी रूपांतर व मुद्रितशोधन झाल्यावरच करावी.
५. अंतिम मुद्रित कागदावर पाहावे व चित्राशेजारच्या ओळी मोठ्याने वाचाव्यात. जेथे वाचन अडखळते तेथे वळण काढून टाकावे.

समारोप

चित्राभोवती मजकूर वळविणे ही आज्ञावलीची सोय असली, तरी ती केव्हा वापरावी हा संपादकीय निर्णय आहे. मराठी पानावर त्याचा निकष उरणाऱ्या ओळीची लांबी आणि चित्राचे लेखातील कार्य हा असावा. संगणकचालकाला हे दोन निर्णय लेखासोबत लिहून मिळाले, तर त्याचे कौशल्य योग्य ठिकाणी उपयोगी पडेल. आणि वर्षभर खपून लिहिलेला लेख चित्राच्या कडेला येऊन वाचकाच्या हातून निसटणार नाही.