मैदानापासून उंबरठ्यापर्यंत

गेल्या पावसाळ्यातील एक संध्याकाळ माझ्या स्मरणातून जात नाही. जवळच्या खेड्यातील कबड्डी संघाच्या कर्णधाराचा फोन आला. "डॉक्टरसाहेब, आजोबांचं तोंड वाकडं झालंय, उजवा हात उचलत नाही. सव्वासातला माझ्याशी बोलता बोलताच झालं. १०८ला फोन केलाय." आजोबांचे वय पंचाहत्तर, मुलगा आणि सून पुण्याला. ही लक्षणे पक्षाघाताची होती. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच आणि तेही सीटी स्कॅन केल्यानंतर देता येते. म्हणूनच त्या मुलाने सांगितलेली 'सव्वासात' ही वेळ मला लाखमोलाची वाटली. आजोबा अकोल्याला वेळेत पोहोचले आणि आज काठी टेकत का होईना, स्वतःच्या पायांनी चालत आहेत.

तो मुलगा त्या वेळी त्यांच्या घरी कसा होता? या संघाचा एक नियम आहे. सराव संपला की गावात एकट्या राहणाऱ्या पाच वृद्धांच्या घरी पाळीपाळीने एकेकाने डोकवायचे, पाच मिनिटे बोलायचे आणि वहीत सही करायची. पक्षाघाताची लक्षणे मी त्यांना त्याच मैदानावर एकदा समजावून सांगितली होती. मात्र आजोबांना वाचवले ते माझ्या व्याख्यानाने नव्हे, त्या वहीने.

खेळ पुरेसा नाही

केवळ खेळल्याने मुले जबाबदार नागरिक होतात, असे मी म्हणणार नाही. मैदानावर भांडणे होतात, पैजा लागतात. वर्षातून एकदा मोठी बक्षिसे लावून सामने भरतात आणि दुसऱ्या दिवशी तिथे कचरा तेवढा उरतो. खेळाला एखादी नियमित जबाबदारी जोडली जाते, तेव्हाच त्याचा समाजाला उपयोग होतो. पंचाचा निर्णय मनाविरुद्ध असला तरी मानणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, बाद झालेल्या सोबत्यासाठी झटणे, हे सारे मुलगा मैदानावर शिकतोच. ते शिकणे गावाच्या कामी लावणारे कोणीतरी लागते.

आपल्या वऱ्हाडाला हा विचार नवा नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केले. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे कबड्डीची प्रात्यक्षिके दाखवली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनीही गावाच्या उभारणीचा विचार मांडताना व्यायाम, श्रमदान आणि ग्रामसफाई यांची सांगड घातली. अलीकडचे उदाहरण नागपूरचे. क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१च्या सुमारास झोपडपट्टीतील मुलांच्या हाती फुटबॉल दिला आणि त्यातून त्यांना व्यसनांपासून व गुन्हेगारीपासून दूर नेणारी चळवळ उभी राहिली. त्यांच्या कार्यावर बेतलेला 'झुंड' हा २०२२चा चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी नातवंडांसोबत पाहिला असेल.

आपण काय करू शकता

आपल्या वयात हे कसे जमणार, असे मनात येईल. परंतु वाशीम जिल्ह्यातील अनेक गावांत कमावती पिढी कामासाठी बाहेर असते. गावात उरतात ती शाळकरी मुले आणि आपण. म्हणून या कामी आपलाच शब्द मोलाचा आहे.

पहिली गोष्ट जागेची. मैदानाची सफाई आणि एखादा दिवा एवढी मागणी ग्रामसभेत आपण मांडा. ज्येष्ठांनी उभे राहून मांडलेले म्हणणे सहसा डावलले जात नाही.

दुसरी गोष्ट उपस्थितीची. संध्याकाळी खुर्ची घेऊन मैदानाच्या कडेला बसा, गुण मोजा. विशेषतः आजींना माझी विनंती आहे: आपण तिथे बसलात, तर आईवडील मुलींनाही निश्चिंत मनाने खेळायला पाठवतील. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी साठ मिनिटे व्यायाम हवा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलींना तेवढी मोकळीक घरातून क्वचितच मिळते.

तिसरी गोष्ट कामाची. प्रत्येक संघाला एकच काम द्या, पण ते ठरलेल्या वारी होऊ द्या. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळून घरोघरची पाण्याची भांडी रिकामी करून घासायला सांगणे हे डेंग्यूविरुद्धचे उत्तम काम आहे. एकट्या वृद्धांची विचारपूस हे दुसरे.

चौथी गोष्ट अठराव्या वर्षाची. मुलाने किंवा मुलीने अठरा पूर्ण केली की मतदार यादीसाठी नमुना ६ भरायला लावा आणि पुढच्या ग्रामसभेला सोबत घेऊन जा. मैदानाची मागणी पुढच्या वेळी त्यांनाच मांडू द्या. प्रकृती ठीक असेल, तर अठराव्या वर्षापासून रक्तदानही करता येते.

काही पथ्ये

घरी रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यांना या मुलांमुळे घटकाभर उसंत मिळू शकते. मात्र औषधे देणे किंवा पैशांचे व्यवहार त्यांच्याकडे सोपवू नका. पडलेल्या वृद्धाला जांघेत किंवा कंबरेत तीव्र वेदना असतील, तर त्याला ओढून उभे करू नये. १०८ला फोन करून तसेच आडवे ठेवावे, हे मुलांना सांगून ठेवा. उन्हाळ्यात दुपारचे खेळ कटाक्षाने टाळा. आपण स्वतः मैदानावर जाताना छातीत दुखले, धाप लागली किंवा भोवळ आली, तर तिथेच बसा आणि मदत मागा.

ते आजोबा हल्ली मैदानाच्या कडेला बसून गुण मोजतात. डाव्या हाताने लिहितात म्हणून अक्षर वाकडे येते आणि मुले त्यावरून त्यांची थट्टाही करतात. आपल्या गावात असे मैदान असेल, तर या आठवड्यात एकदा तिथे जा आणि खेळणाऱ्या तीन मुलांची नावे विचारून या. त्यांनाही आपले नाव आणि आपले घर ठाऊक असू द्या.