नावाचा रकाना चुकला तर...

खामगावची चांदीची पेढी असो की मलकापूरचे गॅरेज, व्यापारी वा कारागीर बंधूंचा पोलीस ठाण्याशी संबंध आला की पहिला प्रश्न नावाचा असतो. हे नाव आता संगणकात लिहिले जाते आणि ठाण्यातून न्यायालयात, न्यायालयातून कारागृहात जाते. ते वाटेत बदलू नये म्हणून ठरावीक नमुने आहेत, सांकेतिक क्रमांक आहेत. ते भरणाऱ्या माणसाची तालीम हा विषय वरवर सरकारी खात्याचा दिसतो. पण त्याचा नफा-तोटा आपल्या दुकानाच्या दारापर्यंत येतो, असे आमचे मत आहे.

योजना काय आहे?

मुंबईवरील 2008 च्या हल्ल्यानंतर, 2009 साली केंद्र सरकारने 2000 कोटी रुपयांची ‘सीसीटीएनएस’ योजना मंजूर केली. देशभरातील पोलीस ठाणी एका जाळ्यात जोडावीत, हा तिचा हेतू. महाराष्ट्रात ही व्यवस्था 2015 साली सुरू झाली. त्यापुढचे पाऊल म्हणजे ‘आयसीजेएस’. पोलीस, न्यायालये, कारागृहे, न्यायवैद्यक प्रयोगशाळा आणि सरकारी वकील या पाचांनी एकमेकांची माहिती संगणकावरच घ्यावी, एकदा भरलेली माहिती पुन्हा भरावी लागू नये, असे हे सूत्र आहे. 2022 साली तिच्या दुसऱ्या टप्प्यासाठी 3375 कोटी रुपये मंजूर झाले. न्यायालयांची संगणक प्रणाली तर आपल्याच राज्यात, पुण्याच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रात तयार झाली.

पाच खात्यांची भाषा एक हवी, म्हणून नमुने ठरले. पहिला नमुना एफआयआरचा, दुसरा घटनास्थळाचा, तिसरा अटकेचा, चौथा जप्त मालाचा, पाचवा दोषारोपपत्राचा. न्यायालयातील प्रत्येक खटल्यास सोळा अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक मिळतो. अमेरिकेतही हीच अडचण होती. तेथे 2005 साली अशा माहितीसाठी राष्ट्रीय नमुना ठरवण्यात आला आणि तो वापरणाऱ्यांसाठी प्रशिक्षणाचे वर्ग चालवावे लागले. कारण नमुना कागदावर कितीही चांगला असला, तरी तो भरणारा हात तयार नसेल तर काम बिघडते.

आपली नावे, त्यांचे रकाने

आपल्या वऱ्हाडात नाव ‘शेख अमुक शेख तमुक’ असे लिहिण्याची रीत आहे. नमुन्यात मात्र पहिले नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे रकाने आले, की एक अंमलदार ‘शेख’ आडनावात टाकतो, दुसरा पहिल्या नावात, आणि तिसरा वडिलांचे नावच आडनाव समजतो. महंमद, मोहम्मद, मुहम्मद अशी एकाच नावाची तीन रूपे. कोणी नुसते ‘मो.’ लिहून मोकळा होतो. इंग्रजीत लिहिताना आणखी फरक पडतो.

याचा तोटा दुहेरी आहे. एकाच माणसाच्या नोंदी तीन माणसांच्या दिसतात, आणि खरा चोर शोधात सापडत नाही. उलट, सारख्या नावाच्या तीन माणसांची नोंद एक होऊ शकते. मग पासपोर्ट वा नोकरीच्या पडताळणीत निर्दोष माणसाला ‘तो मी नव्हे’ हे सिद्ध करत फिरावे लागते. आखाती देशात निघालेल्या कारागिराचे यात महिने वाया जाऊ शकतात.

गावांचेही तसेच. मलकापूर आपल्या जिल्ह्यात आहे, सातारा जिल्ह्यात आहे, कोल्हापुरातही आहे. जळगाव जामोद आपला तालुका आणि जळगाव हा शेजारचा जिल्हा. म्हणूनच प्रत्येक गावाला सरकारी सांकेतिक क्रमांक दिलेला आहे. जिल्ह्याची उत्तर सीमा मध्य प्रदेशाला लागते. चोरीची मोटारसायकल बऱ्हाणपुरात सापडली तर तेथील नोंद हिंदीत, आपली मराठीत. दोन्ही जुळतात त्या चेसिस क्रमांकाने. तो एका आकड्याने चुकला, तर गाडी दुसऱ्या राज्यातील ठाण्यात धूळ खात पडते.

तालीम कोणाला?

सीसीटीएनएस योजनेतच प्रशिक्षणाची तरतूद होती. दिल्लीच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागातर्फे पोलिसांना संगणकाचे शिक्षण दिले जाते. आमचे म्हणणे एवढेच की, ही तालीम बटणे दाबण्यापुरती राहू नये. ठाणे अंमलदार, मुद्देमाल कारकून, न्यायालयातील लिपिक आणि कारागृहातील कर्मचारी यांना एकत्र बसवून, बुलढाण्यातील खरी नावे व गावे घेऊन सराव करून घ्यावा. बदली होऊन नवा माणूस आला, की तालीम पुन्हा व्हावी. संगणक शिकलेल्या आमच्या तरुणांनीही हे नमुने, माहितीचे कोड आणि मराठी टंकलेखन यांत हात बसवावा. हे हुन्नर बँक, विमा, दवाखाना सगळीकडे उपयोगी आहे.

आपण काय करावे?

1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. तिच्यानुसार फिर्यादीला खबरीची प्रत मोफत मिळते आणि तपासाची प्रगती 90 दिवसांत कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. न्यायालयापुढे आलेल्या मालाची यादी 14 दिवसांत करून छायाचित्रे घ्यावीत आणि त्यानंतर 30 दिवसांत त्याबाबत हुकूम द्यावा, अशीही तरतूद आहे. ही यादी जप्त मालाच्या नोंदीवरच उभी राहणार, हे ध्यानात घ्या.

तेव्हा बंधूंनो, दुकानातील खरेदीची बिले, शिलाई यंत्राचा क्रमांक, गाडीचा चेसिस क्रमांक, मोबाईलचा आयएमईआय, चांदीच्या मालाचे वजन वहीत लिहून ठेवा. आधार, पासपोर्ट, बँक आणि दुकानाचा परवाना यांवर नाव एकाच पद्धतीने लिहिलेले असू द्या. फिर्याद देताना नावाची अक्षरे स्वतः कागदावर लिहून द्या. एफआयआरची प्रत हातात येताच नाव, वडिलांचे नाव, गाव व मालाचा क्रमांक वाचून पाहा, आणि चूक दिसली तर तेथेच लेखी अर्ज देऊन पोच घ्या.

वजनात गुंजेचा फरक पडला तरी सराफ तराजू पुन्हा लावतो. आपल्या नावाच्या बाबतीतही तीच सावधगिरी बाळगली पाहिजे.