अंडे सुटले तरी…

गेल्या वर्षी न्यू जर्सीला लेकीकडे गेलो असताना जावयाने माळ्यावरून स्वतःच्या बालपणीचा ‘अटारी २६००’ खाली काढला. सोबत १९८३ सालचा ‘बिग बर्ड्‌स एग कॅच’ हा खेळ. ‘सेसमी स्ट्रीट’मधला तो थोराड पिवळा पक्षी डोक्यावर टोपली घेऊन उभा, वरून कोंबड्यांची अंडी घरंगळत येतात, ती झेलायची. चार वर्षांचा नातू लगेच रमला.

मला नवल वाटले ते त्याच्या हातातल्या पट्टीचे. बटणे बारा, पण मोठाली. त्यांवर खेळापुरते चित्रांचे आवरण बसवायचे. अक्षरओळख नसलेल्या पोरालाही कुठे दाबायचे ते कळावे, एवढी काळजी!

मी बँकेत पस्तीस वर्षे काढली. पैसे काढायची स्लिप भरता न येणाऱ्या किती म्हाताऱ्यांना ‘कुणाकडून तरी भरून आणा’ म्हणून काउंटरवरून परत पाठवले असेल! मनात त्यांना अडाणी म्हणत असे. खरा अडाणी तो आमचा कागद होता, हे तेव्हा उमगले नाही.

नातवाच्या हातून एक अंडे सुटले. त्याने बिचकून माझ्याकडे पाहिले.

“असू दे रे, दुसरे येतेय,” मी म्हणालो.

एवढे साधे वाक्य मला काउंटरवर कधी सुचले नव्हते.